साडेतीन वॉटच्या ट्यूब अँपला झेपतील असे स्पीकर शोधताना

ऑगस्टमध्ये २ए३ ट्यूबचा (ट्यूब म्हणजे काचेची निर्वात नळी) सिंगल-एंडेड, म्हणजे पूर्ण सिग्नल एकाच ट्यूबमधून जाणारा, अँप घरी आला आणि त्याला झेपतील असे स्पीकर मिळायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. मधल्या काळात जे वाचलं, मोजलं, ज्यांना ईमेल पाठवून वाट बघितली, जे ऐकून नको म्हटलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मला एकतर "९५ डीबीच्या वरचा कुठलाही स्पीकर घ्या, चालतो" (हे डीबी म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, १ वॉटला एक मीटरवर किती मोठा आवाज येतो ते) असं एका ओळीचं उत्तर मिळायचं नाहीतर गणिताची पानंच्या पानं. मी इंजिनिअर नाही. मल्टिमीटर धरता येतो, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, तेवढ्यावरच हे सगळं केलंय.

आधी अँपबद्दल थोडं. सेकंडहँड, प्रत्येक चॅनेलला एकच २ए३, फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चुका कमी करायची सोय) अजिबात नाही, मागे स्पीकर जोडायला ४ आणि ८ ओहमचे टॅप. २ए३ ही १९३० च्या दशकातली ट्यूब, तिच्या डेटाशीटमध्ये प्लेटला २५० व्होल्ट, ६० मिलिअँपिअर करंट, २५०० ओहमचा लोड आणि आउटपुट साडेतीन वॉट असं लिहिलेलं असतं. म्हणजे ट्यूबमध्ये १५ वॉट जळतात आणि स्पीकरपर्यंत साडेतीन पोचतात, बाकी सगळं खोली तापवायला. सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: बायसचं (ट्यूबमधून वाहणाऱ्या स्थिर करंटचं) ताजं रीडिंग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) मूळचाच आहे की बदललाय, आणि ट्यूब काढून वेगळ्या पॅक करून पाठवणार की नाही. ट्यूब सॉकेटमध्येच ठेवून कुरिअर केली तर ती धड पोचेल याचा भरवसा नाही.

आणि हे पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवा: ट्यूब अँप स्पीकर न जोडता चालू करून त्यात गाणं लावायचं नाही. ट्रान्झिस्टरच्या अँपला त्याचं काही वाटत नाही, पण इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड नसेल तर त्याच्या ट्यूबकडच्या वेटोळ्यावर, म्हणजे प्रायमरीवर, भलतं मोठं व्होल्टेज तयार होतं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा सॉकेट आतल्या आत ठिणगी पडून जातो. खालचं झाकण उघडायचं असेल तर अजून जपून, आत तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ राहतात. ज्याला याची सवय नाही त्याने झाकण उघडूच नये, मी खाली जे काही मोजलंय ते सगळं बाहेरून, स्पीकरच्या टर्मिनलवर.

माझे जुने स्पीकर म्हणजे नेहमीचे टू-वे बुकशेल्फ (खालच्या सुरांना वूफर, वरच्या सुरांना ट्वीटर), कागदावर ८७ डीबी आणि ८ ओहम. अँप त्यांनाच जोडला. रात्री हळू आवाजात, एकटा गायक आणि तानपुरा, तर काय सांगू, इतका मोकळा आवाज मी त्या स्पीकरमधून कधी ऐकला नव्हता. पण आवाज थोडा वाढवला, तबला आला, की डग्गा फुगून पसरट व्हायचा आणि बाईचा आवाज वरच्या पट्टीत नाकात गेल्यासारखा. पियानोचे जोरात मारलेले सूर तर दबूनच जायचे. गंमत म्हणजे ते फाटत नाहीत. ट्यूब अँप ताकद संपली की करकरत नाही, दमलेल्या गायकासारखा आवाज आत ओढून घेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वा, काय मऊ आवाज आहे. म्हणून "मला तर कमी वॉटमध्ये काही त्रास जाणवला नाही" असं कोणी म्हटलं तर त्यावर फारसं जाऊ नका.

माझ्या ओळखीत एक काका आहेत, आयुष्यभर हॉर्नचे, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडाचे, स्पीकर ऐकलेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अगं, आधी स्पीकर घ्यायचा असतो, मग त्याला अँप. तू उलटीकडून आलीस. आता आलीच आहेस तर निदान तुला किती वॉट लागतात ते तरी मोज, अंदाजाने काही घेऊ नकोस." मला वाटत होतं याला काहीतरी महागडं यंत्र लागेल. लागत नाही.

पद्धत अशी, आणि ही मी प्रत्येकाला सांगते. जुना, भरपूर वॉटचा ट्रान्झिस्टर अँप लावा. तोच का, तर तो दबत नाही, त्यामुळे तुम्ही आवाज किती मोठा ठेवता ते खरं कळतं. तुमच्या संग्रहातली चढउतार असलेली रेकॉर्डिंग लावा आणि तुम्ही खरोखर जास्तीत जास्त जेवढ्या आवाजात ऐकता तेवढा व्हॉल्यूम ठेवा. पाहुण्यांना दाखवायला लावता तो धरू नका, नेहमीचा मोठा आवाज. आता व्हॉल्यूमला हात न लावता -१२ डीबी पातळीवर (फाइलच्या कमाल पातळीपेक्षा १२ डीबी खाली) बनवलेला १२० हर्ट्झचा साधा साइन टोन त्याच प्लेअरवरून वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलवर धरा. जो आकडा येईल त्याची चौपट करा, कारण १२ डीबी म्हणजे व्होल्टेजमध्ये चारपट. तुमच्या व्हॉल्यूमला रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा आवाज स्पीकरवर जास्तीत जास्त तेवढे व्होल्ट मागू शकतो. पण सोर्स तोच हवा, टोन फोनवरून आणि गाणी सीडीवरून असं केलं तर आकड्याला अर्थ नाही.

माझा आकडा दीड व्होल्टच्या आसपास आला. चौपट सहा. सहाचा वर्ग ३६, भागिले ८ ओहम, साडेचार वॉट. आणि अँप देतो साडेतीन, म्हणजे ८ ओहमवर साधारण ५.३ व्होल्ट. झालं, पियानो का दबतो त्याचं उत्तर मिळालं. पण खरं सांगायचं तर मला या आकड्याने धक्का बसला तो दुसऱ्याच बाजूने, मला वाटलं होतं तीसचाळीस वॉट लागत असतील, आणि लागतात फक्त साडेचार! सरासरी आवाज तर त्याच्या कितीतरी खाली, एका वॉटच्या छोट्याशा भागात चाललेला असतो, साडेचार लागतात ते फक्त क्षणभराच्या उसळीला.

इथून पुढचं गणित सोपं. दर ३ डीबीला वॉट निम्मे. स्पीकर ८७ च्या ऐवजी ९४ डीबीचा घेतला तर ७ डीबी फरक, साडेचार वॉटच्या जागी ०.९ वॉट पुरेत. म्हणजे १०० डीबीचे कपाटाएवढे हॉर्न मला लागणारच नव्हते. हे ऑक्टोबरमध्ये कळलं आणि माझ्या यादीतली निम्मी नावं, आणि त्यांच्या किमतींची भीतीही, तिथेच गेली.

मग वाटलं आता काय, ९३-९५ डीबीचा स्पीकर शोधायचा आणि घ्यायचा. पण जुन्या ८७ डीबीच्या स्पीकरवर आवाज थोडासाच वाढवला तरी बाईचा आवाज नाकात का जात होता हे वॉटने समजत नव्हतं. त्या वेळी अँप अर्धा वॉटसुद्धा देत नव्हता. मग पुन्हा काकांना फोन. ते म्हणाले, "तुझ्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स मोज."

म्हणजे अँपचा स्वतःचा आतला विरोध (इम्पिडन्स म्हणजे एसी करंटला होणारा विरोध, ओहममध्ये). हे मोजायला दोन ८ ओहमचे २० वॉटचे रेझिस्टर लागतात, स्पीकरच्या जागी ते लावायचे. बारीक सिग्नल, १ किलोहर्ट्झपेक्षा कमीचा टोन, आधी एक रेझिस्टर लावून व्होल्टेज बघायचं, मग अँप बंद करून दोन सिरीजमध्ये लावायचे आणि परत बघायचं. माझं ८ ओहमवर १.०० व्होल्ट असताना १६ ओहमवर १.१३ आलं. सूत्र असं आहे की दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे १.१३ घ्या, त्यातून एक वजा करून सोळाने गुणा, आणि त्याला दोन वजा १.१३ ने भागा. आले २.४ ओहम. नेहमीच्या ट्रान्झिस्टर अँपचा हाच आकडा ओहमच्या दशांशात किंवा शतांशात असतो.

आता हे २.४ ओहम कुठे नडतात ते बघा. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो कधीच सगळीकडे ८ ओहमचा नसतो. माझा जुना स्पीकर २०० हर्ट्झला ४.४ ओहमवर उतरतो आणि वूफर-ट्वीटरच्या क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे सूर एकाकडून दुसऱ्याकडे जातात तिथे, २८ ओहमवर चढतो. ४.४ ओहमला अँपचं ६५ टक्के व्होल्टेज स्पीकरला मिळतं, २८ ओहमला ९२ टक्के. डीबीत ३ चा फरक! म्हणजे मी न मागता एक टोन कंट्रोल मध्ये बसला होता, गळ्याचा भरदारपणा खाली आणि नाकाची जागा वर. आणि बॉक्सच्या रेझोनन्सला इम्पिडन्स उंच चढतो तिथे बेस फुगतो, शिवाय वूफरला आवरायला अँपची पकड नाही, म्हणून तो पसरट डग्गा. हा सगळा दोष वॉटचा नव्हताच.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न डीबी किती हा राहिला नाही, इम्पिडन्सचा ग्राफ कसा आहे हा झाला. डीबी कमी पडले तर आवाज दोन काटे खाली ठेवून ऐकता येतं, ग्राफ वेडावाकडा असेल तर कुठल्याच आवाजात सुटका नाही.

नोव्हेंबर आणि डिसेंबर कागदपत्रांत गेले. ज्या स्पीकरचे ग्राफ कुठे दिसत नव्हते त्यांच्या कंपन्यांना मी एकच ईमेल पाठवत होते, त्यातले मुद्दे देते, हवे तर उचला: इम्पिडन्सचा फ्रिक्वेन्सीनुसार ग्राफ मिळेल का, किमान इम्पिडन्स किती आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला, सेन्सिटिव्हिटी १ वॉटला मोजली की २.८३ व्होल्टला, आणि मोकळ्या जागेत मोजली की खोलीत. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात कामाचे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरवर तेच २ वॉट होतात, म्हणजे कागदावर ३ डीबी फुकट वाढतात. खोलीत मोजलेला आकडाही भिंती-जमिनीच्या मदतीने आणखी तीनचार डीबी वर जातो. एकाच स्पीकरला हे दोन्ही लावले तर ९५ चे खरे ८९ सुद्धा निघू शकतात.

उत्तरांची वाट बघणं हा भाग कंटाळवाणा होता. एका कंपनीकडून कित्येक आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, "नॉमिनल इम्पिडन्स ८ ओहम", जे बॉक्सवर लिहिलेलंच होतं. मी परत लिहिलं की आयईसी ६०२६८-५ या स्पीकरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८ ओहम म्हणायचं तर किमान ६.४ च्या खाली जायला नको, तुमचा किती जातो, त्यावर आजतागायत शांतता. एका छोट्या उत्पादकाने मात्र दुसऱ्या दिवशी पूर्ण ग्राफ पाठवला, फेजसकट, आणि वर लिहिलं की साडेतीन वॉट असतील तर हे मॉडेल घेऊ नका, याच्याखालचं जुनं मॉडेल बघा. असा माणूस भेटला की अर्धं काम झालं समजा.

जानेवारीत प्रत्यक्ष ऐकायला सुरुवात केली. बरोबर न्यायचं सामान: मल्टिमीटर, १०० ओहमचा रेझिस्टर, टोन भरलेला फोन, क्लिपच्या चार वायरी. ज्यांच्याकडे जाणार त्यांना आधी विचारून ठेवायचं की तुमच्या स्पीकरला एक निरुपद्रवी मोजणी केली तर चालेल ना. रेझिस्टर स्पीकरशी सिरीजमध्ये, कुठल्याही साध्या अँपने हळू टोन द्यायचा, स्पीकरवरचं व्होल्टेज भागिले रेझिस्टरवरचं व्होल्टेज गुणिले १००, झाला त्या फ्रिक्वेन्सीचा इम्पिडन्स. स्वस्तातला मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवतो, पण दोन्ही मापं तोच मीटर घेतो म्हणून भागाकारात चूक बरीचशी निघून जाते. वीसेक जागी मोजलं तरी ग्राफचं चित्र कळतं. कॉम्प्युटर असेल तर रूम ईक्यू विझार्ड या फुकट सॉफ्टवेअरमध्येही इम्पिडन्स मोजायची सोय आहे, पण त्याला साउंड कार्डचं जोडकाम लागतं.

पहिले ऐकले ते एकाच फुल-रेंज ड्रायव्हरचे (खालचे-वरचे सगळे सूर एकाच कोनातून), उंच अरुंद बॉक्समधले. ट्यूबवाल्यांचा हा लाडका प्रकार. क्रॉसओव्हर नाही म्हणून मधला तो डोंगर नाही, ग्राफ बराच सरळ, अँप लगेच खूश. सतारीची तार छेडली की तिची सुरुवात इतकी टोकदार यायची की मी मान वळवून बघितलं. पण अर्ध्या तासात कान थकले. अशा बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मधल्या-वरच्या पट्टीत चढ असतो, आणि दुसरं म्हणजे कागदावरचे ९६ डीबी हे ड्रायव्हर मोठ्या सपाट फळीवर बसवून मोजलेले. अरुंद बॉक्समध्ये खालच्या सुरांचा आवाज पुढे न येता मागे वळून जातो, पंचवीस सेंटीमीटर रुंदीच्या बॉक्सला साधारण ४५०-५०० हर्ट्झच्या खाली हळूहळू ६ डीबीपर्यंत घट होते. ती भरून काढायला सर्किट घातलं की ९६ चे नव्वद होतात, नाही घातलं की आवाज ओरडका. मालकांना हे आवडत होतं आणि ते तासन्‌तास ऐकतात, त्यामुळे मी हे वाईट म्हणणार नाही, माझ्या कानाला नाही जमलं.

त्यानंतरच्या एका जोडीत बॉक्स लहान, डीबी ९५ आणि बेस ३५ हर्ट्झपर्यंत असं तिन्ही एकदम लिहिलेलं होतं. हे बघितलं की शंका घ्यायची. लहान बॉक्स, खोल बेस, जास्त सेन्सिटिव्हिटी, यातल्या कुठल्याही दोनच मिळतात, याला हॉफमनचा नियम म्हणतात, केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच तो हाच हॉफमन. १९५४ मध्ये एडगर विलचर यांचा एआर-१ हा स्पीकर आला, बंद छोट्या बॉक्समधून खोल बेस, आणि किंमत मोजली सेन्सिटिव्हिटीने. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि घरातले बहुतेक स्पीकर त्याच वाटेने गेले. माझा अँप त्या वळणाच्या आधीच्या काळातला आहे, तर त्याला स्पीकरही त्याच जातीचा लागणार, म्हणजे बॉक्स मोठा. हे मनाशी ठरवून टाकलं की जागेची भांडणं आधीच मिटवता येतात. मी पुठ्ठ्याचे त्याच मापाचे खोके करून खोलीत काही दिवस उभे करून ठेवले, घरच्यांचा विरोध खोक्यांवरच निघून गेला.

शेवटी ठरले ते त्या ग्राफ पाठवणाऱ्या माणसाचेच, त्याने सुचवलेलं जुनं मॉडेल. कागदाचा कोन असलेला बारा इंची वूफर, वरच्या सुरांना कॉम्प्रेशन ड्रायव्हर हॉर्नमध्ये, पोर्ट (हवा ये-जा करायची नळी) असलेला बॉक्स, ९४ डीबी, आणि हे ९४ त्याने २.८३ व्होल्टला, मोकळ्या जागेत असं स्पष्ट लिहून दिलेलं. किमान इम्पिडन्स ६.५ ओहम. किंमत अँपच्या दीडपट, आणि वाहतुकीचा खर्च स्पीकरच्या किमतीच्या जवळपास दहावा हिस्सा, हा मी बजेटमध्ये धरला नव्हता असं नाही पण एवढा होईल वाटलं नव्हतं. एकेका स्पीकरचं वजन पस्तीस किलोच्या वर.

ऑर्डर देण्याआधी हे लेखी घ्या: परत करायची मुदत माल हातात पडल्यापासून की बिलाच्या तारखेपासून, परत पाठवण्याचं भाडं कोणाकडे, मूळ खोकी नसतील तर परत घेतात का, आणि ट्यूब अँपला वापरल्यास वॉरंटीला काही अडचण आहे का. मला परतीचं भाडं माझ्याकडे आणि खोकी सक्तीची असं उत्तर मिळालं, म्हणून ती अजून माळ्यावर आहेत. सहा ते आठ आठवडे सांगितले होते, त्याहून जास्त लागले, व्हिनिअर उशिरा आलं म्हणे. एका खोक्याचा कोपरा दबून आला होता. पावतीवर सही करायच्या आधी तसं तिथेच लिहिलं, फोटो काढला, मग सही केली. आत स्पीकरला काही झालं नव्हतं, पण तो शेरा नसता आणि आत काही झालं असतं तर विम्याचं कोणी ऐकून घेतलं नसतं.

लावल्या लावल्या पहिली गोष्ट काय ऐकू आली तर हम. घूं... असा सतत. जुन्या स्पीकरवर हा कधी कळलाच नव्हता. घाबरू नका, अँप बिघडलेला नसतो, स्पीकर ७ डीबीने जास्त बोलका झाला म्हणून अँपची गुणगुणसुद्धा ७ डीबीने वर येते. २ए३ मध्ये तापणारी तार, म्हणजे फिलामेंटच, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असतो, त्याला एसीने तापवलं की थोडा हम येणारच. माझ्या अँपला वरच्या बाजूला हम बॅलन्सचे दोन स्क्रू आहेत, इनपुट शॉर्ट करून, मीटर एसी मिलिव्होल्टवर स्पीकरला लावून, स्क्रू हळू फिरवत आकडा कमीत कमी येईल तिथे सोडायचा. पाच मिलिव्होल्टच्या आसपास होता तो दीडवर आला. आता हॉर्नला कान लावला तरच कळतं. स्क्रू आत असेल तर जाणकाराकडून करून घ्या.

वॉटचा प्रश्न तर सुटलाच होता, पियानो आता मोकळा वाजतो. पण वरचा एक चढ अजून होता, कारण ग्राफमध्ये २ किलोहर्ट्झला क्रॉसओव्हरपाशी २४ ओहमची टेकडी होती, ती मला आधीपासून माहीत होती आणि त्यावर उपाय आहे हेही उत्पादकाशी बोलून ठेवलं होतं. स्पीकरच्या टर्मिनलला बाहेरून समांतर एक साखळी जोडायची, रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर सिरीजमध्ये. कॉइल ०.६३ मिलिहेन्री, कपॅसिटर १० मायक्रोफॅरॅड, या दोघांचा रेझोनन्स बरोबर २ किलोहर्ट्झला येतो, आणि रेझिस्टर कॉइलच्या तारेचा धरून एकूण १२ ओहम. २४ ला १२ समांतर म्हणजे ८. टेकडी सपाट. आधी २ किलोहर्ट्झ आणि किमान इम्पिडन्स यात जवळजवळ २ डीबीचा फरक पडत होता, तो अर्ध्या डीबीच्या आत आला. ट्रान्झिस्टर अँपला याने काही फरक पडत नाही, ट्यूबला पडतो. साखळी बाहेर असल्याने स्पीकर उघडावा लागत नाही, वॉरंटी शाबूत. खर्च एका नव्या २ए३ पेक्षाही कमी. फक्त हे आकडे माझ्या स्पीकरचे आहेत, तुमची टेकडी जिथे आणि जेवढी असेल तसे ते बदलणार, त्यामुळे मोजल्याशिवाय नक्कल करू नका.

टॅपचं बोलायचं राहिलं. स्पीकर ८ ओहमचा असला तरी ४ च्या टॅपला लावून बघा, काही बिघडत नाही. ट्यूबला तेव्हा दुप्पट लोड दिसतो, म्हणजे २५०० च्या जागी ५०००, वॉट कमी होतात पण डिस्टॉर्शनही कमी होतं आणि आउटपुट इम्पिडन्स साधारण निम्मा होतो. मला ०.९ वॉटच लागत असल्याने वॉट कमी होणं परवडलं, आणि डग्गा ४ च्या टॅपवर जास्त गोल आणि वेळेवर थांबणारा वाटला. उलटं मात्र टाळा, ४ ओहमचा स्पीकर ८ च्या टॅपला लावला की ट्यूबला लोड निम्मा दिसतो आणि डिस्टॉर्शन वाढतं. पोर्टच्या दोन्ही बाजूंच्या इम्पिडन्सच्या शिखरांमुळे बेसमध्ये थोडी फुगवटी अजून आहे, त्यासाठी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढलेत आणि पोर्टमध्ये सैलसर फोम घातलाय, त्याने बरंच काम झालं.

काही जणांनी विचारलं की ३००बी या मोठ्या ट्यूबचा अँप घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं का. ३००बी साधारण ८ वॉट देतो, साडेतीनपेक्षा साडेतीन डीबीच वर, म्हणजे माझे जुने ८७ डीबीचे स्पीकर वॉटच्या बाबतीत निभावले असते. नाकातला आवाज मात्र तसाच राहिला असता, कारण फीडबॅक नसलेल्या ३००बीचाही आउटपुट इम्पिडन्स बहुतेक दोनतीन ओहमच असतो. ईएल८४ या छोट्या ट्यूबचा सिंगल-एंडेड अँप असेल तर पाचेक वॉट, पण त्यात बहुतेकदा फीडबॅक असतो म्हणून तो स्पीकरच्या ग्राफबाबत कमी चोखंदळ, ज्यांना मोजामोजीत पडायचं नाही त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल. ज्यांना पडायचंय त्यांनी १०० ओहमचा एक रेझिस्टर आजच आणून ठेवा, तो कुठल्याही दुकानात मिळतो, आणि घरातल्या स्पीकरवर आधी हात बसवून घ्या.